केस इंटरव्ह्यू कुठून आला, आणि धाराशिवच्या 'संवाद सहायक'

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलीतली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

कळंब तालुक्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यात एमबीए करतोय, एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मने कॅम्पसवर शॉर्टलिस्ट केलंय. पंधरा दिवसांत दोन राउंड आहेत, एक एचआर आणि एक केस. तो म्हणाला, "दादा, केसची पुस्तकं वाचली. त्यात सगळे प्रश्न न्यूयॉर्कच्या कॉफी शॉपचे नाहीतर विमान कंपन्यांचे. मी विमानात एकदाच बसलोय. आणि एचआरवाल्यांनी फॅमिली बॅकग्राउंड विचारलं तर नेमकं काय सांगायचं?"

तयारीच्या टिप्स यूट्यूबवर ढिगाने आहेत, त्यात मी भर घालणार नाही. आपला पॉडकास्ट इतिहासाचा. पण या दोन्ही प्रश्नांना इतिहास आहे, आणि प्रश्न कशासाठी जन्माला आला हे कळलं की समोरच्याला काय हवंय तेही कळतं. त्यातला एक तुकडा तर थेट आपल्या धाराशिव जिल्ह्यातला आहे, आणि तो केसच्या पुस्तकात सापडत नाही.

आधी केस. हा शब्द मुळात कोर्टाचा. १८७० मध्ये हार्वर्डच्या लॉ स्कूलला क्रिस्टोफर लँगडेल नावाचे डीन आले. तोवर कायदा शिकवायचा म्हणजे प्राध्यापकाने नियम सांगायचे आणि पोरांनी पाठ करायचे. लँगडेल यांनी जुने खरे खटले वर्गात आणले आणि विद्यार्थ्यांना विचारलं, यातून नियम काय निघतो ते तुम्हीच सांगा. पुढे १९०८ मध्ये हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं. १९१९ मध्ये तिथे डीन झाले वॉलेस डॉनहॅम. हा माणूस त्याच लॉ स्कूलमधून शिकलेला. त्यांनी खटल्यांच्या जागी कंपन्यांच्या अडचणी आणल्या. १९२१ मध्ये तिथली पहिली लिखित केस आली, एका बुटांच्या कंपनीची.

आता शिकागोला जाऊ. जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठात अकाउंटिंगचे प्राध्यापक. १९२६ मध्ये त्यांनी आपल्या नावाची फर्म काढली. ते गेले १९३७ मध्ये. फर्मला आजचं रूप दिलं ते मार्विन बावर यांनी. हे १९३३ मध्ये आले, मूळचे वकील, हार्वर्डच्या लॉ आणि बिझनेस अशा दोन्ही स्कूलमध्ये शिकलेले. कन्सल्टिंग फर्म वकिलांच्या फर्मसारखी प्रतिष्ठित दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बाहेर जाताना डोक्यावर हॅट असलीच पाहिजे, इथपर्यंत. (आजचा ब्लेझर म्हणजे त्या हॅटचा नातूच समजा.)

पण बावर यांनी आणखी एक बदल घडवला, आणि आपल्या दृष्टीने खरी गोष्ट ती आहे. आधी सल्लागार म्हणून कारखान्यात, बँकेत वीस-वीस वर्षं घासलेली माणसं घेत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर फर्म थेट बिझनेस स्कूलमधून ताजी पोरं उचलायला लागली. आता विचार करा. पन्नाशीच्या मॅनेजरला काय विचारणार? केलेलं काम. पण चोवीस वर्षांच्या पोराने काही केलेलंच नाही. मग त्याला जोखायचं कसं? त्याच्यासमोर अडचण ठेवायची आणि तो कसा विचार करतो ते बघायचं. वर्गात केस होतीच, ती मुलाखतीच्या टेबलावर आली. म्हणजे केस इंटरव्ह्यू हा अनुभव नसलेल्या माणसासाठीच निघालेला प्रकार आहे. त्यात विमान कंपनीचा प्रश्न आला म्हणजे तुम्हाला विमानं माहीत असावीत, अशी अपेक्षा नसते.

'शहरात पेट्रोल पंप किती' छापाच्या प्रश्नांचं मूळ एका भौतिकशास्त्रज्ञाकडे दाखवतात. एन्रिको फर्मी, हेही शिकागो विद्यापीठातच. शिकागोत पियानो सूर लावणारे किती असतील, हा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा प्रश्न. लोकसंख्या, घरं, त्यातली पियानो असलेली घरं, वर्षातून किती वेळा सूर लावतात, एक माणूस दिवसाला किती पियानो करतो. तुळजापुरात नवरात्रात कवड्यांच्या माळा किती विकल्या जात असतील, हे याच पायऱ्यांनी काढता येतं. करून बघा, पियानोपेक्षा सोपं जाईल.

आणि ते सारखं कानावर पडणारं 'मीसी', म्हणजे मुद्दे एकमेकांवर चढू नयेत आणि काही सुटूही नये, ही शिस्त बार्बरा मिंटो यांच्या नावाने ओळखली जाते. १९६३ मध्ये मॅकिन्झीने घेतलेल्या त्या पहिल्या महिला एमबीए. उत्तर आधी सांगा, कारणं नंतर, हेही त्यांचंच. आपल्याकडे उलटं असतं. पारावर कुणी गोष्ट सांगायला लागला की पाहुण्याची एसटी किती वाजता आली इथून सुरुवात करतो. मला ती पद्धत आवडते, पण केस राउंडला ती चालत नाही.

भारतात ही केसची शाळा आली अहमदाबादमार्गे. १९६१ मध्ये तिथे आयआयएम सुरू झालं, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्याने. तिथून ती बाकीच्या बी-स्कूलमध्ये पसरली. आता त्याच देशातल्या एका कोपऱ्यात, आपल्याकडे, कन्सल्टंट हा शब्द कसा आला ते बघा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवरची जमीन हलली. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावंही तशीच आडवी झाली. आज ती लोहारा तालुक्यात आहेत, तेव्हा उमरग्यात होती. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सरांवर मातीचा भार घातलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. पूर्ण मोडलेली ५२ गावं नव्या जागी बसवायची होती. त्याहून कितीतरी जास्त गावांमध्ये घरं तडकलेली होती, पण उभी होती. तिथे जुन्याच घरांची 'दुरुस्ती आणि मजबुतीकरण' करायचं ठरलं. घरमालकाने स्वतः काम करायचं, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, इंजिनिअरने तपासायचं.

इथे थांबा आणि हीच केस समजा. क्लायंट राज्य सरकार. पैसे आहेत, सिमेंट आहे, नकाशे आहेत. तरी काम पुढे सरकत नाही. का?

तुम्ही कागदावर झाड काढाल: पैसा, माल, मजूर, इंजिनिअर. ते सगळं बरोबर, पण गाठ दुसरीकडे होती. लोकांचा दगडावरचा विश्वासच उडालेला. ज्या भिंतीने घरातली माणसं घेतली, तीच भिंत दुरुस्त करून परत तिच्याखाली झोपायचं? लोकांना नवं सिमेंटचं घर हवं होतं. आडवे दगड घालून भिंतीचे दोन पदर बांधले, वरून पट्टा फिरवला, माळवदाची माती कमी केली की तेच घर बऱ्यापैकी सुरक्षित होतं, हे इंजिनिअरला कळत होतं. पण सांगणार कुणाला? तो गावात येतो तेव्हा पुरुष शेतात नाहीतर तालुक्याला. घरात असते बाई, आणि तिच्याशी कुणी बोलत नाही. खरं तर घर सारवते ती, भिंतीला पोट कुठे आलंय आणि माळवद कुठे गळतं हे माहीत असतं तिलाच.

हे ज्यांनी ओळखलं त्यांत एक संस्था होती, स्वयं शिक्षण प्रयोग, प्रेमा गोपालन यांची. या दुरुस्तीच्या कार्यक्रमासाठी राज्य सरकारने संस्थेला लोकसहभागाची सल्लागार म्हणून नेमलं. कागदोपत्री शब्द कन्सल्टंट हाच. आणि या कन्सल्टंटने गावागावातल्या महिला मंडळांतून बाया निवडल्या. त्यांना नाव दिलं 'संवाद सहायक'. घरोघर जाऊन कुणाला काय मिळणार आहे ते सांगायचं, मजबुतीकरण म्हणजे काय ते समजावायचं, काम कुठे अडलं ते बघायचं आणि तालुक्याच्या बैठकीत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. ज्या बाया त्याआधी ग्रामपंचायतीची पायरीही फारशा चढल्या नव्हत्या, त्या इंजिनिअरला हप्ता का थांबला ते विचारायला लागल्या. हजारावर गावांत हे काम चाललं.

कन्सल्टिंगच्या भाषेत याला म्हणतील डेटा गोळा करणं, मूळ कारण शोधणं, अंमलबजावणीवर लक्ष ठेवणं. त्या बायांना यातला एकही शब्द माहीत नव्हता. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडे गेल्या, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही. आपल्या बाया, परक्या मुलखात, भाषा वेगळी, आणि घर पुन्हा कसं उभं करायचं यावर सल्ला द्यायला. पुढे हेच जाळं बचत गटांकडे आणि मग दुष्काळातल्या शेतीकडे वळलं. घरातल्या बाईच्या हाती थोडी जमीन, त्यात खायची पिकं आधी, असं ते काम. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर प्राइझ मिळालं. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच प्रवाहातून पुढे आल्या. त्यांच्यावर कॉमिक निघालंय.

म्हणून त्या मित्राला मला सांगायचंय: तुझ्या जिल्ह्यात कन्सल्टिंगचा इतिहास आहे, आणि चांगला आहे. तो माहीत करून घे, कारण 'व्हाय कन्सल्टिंग' या प्रश्नाला तुझ्या बॅचमधले पन्नास जण 'मला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग आवडतं' असंच सांगणार आहेत.

सरावासाठीही घरचीच केस घे. भूमच्या खव्याची घेऊ. कुंथलगिरीकडचा पेढा सगळ्यांनी खाल्लेला आहे. समज, भट्टीवाला म्हणतो, "विक्री तेवढीच आहे, तरी हातात काही उरत नाही." आकडे मी सोयीसाठी धरतोय, बाजारभाव म्हणून घेऊ नका. रोज ५०० लिटर दूध, ४० रुपये लिटर, म्हणजे खर्च २०,००० रुपये. पाच लिटरला एक किलो खवा धरला तर १०० किलो. २४० रुपये किलोने २४,००० रुपये आले. मधले राहिले ४,०००. सरपण, मजुरी, वाहतूक यांचे २,५०० काढले की १,५०० रुपये सुटतात.

आता दूध जरा पातळ यायला लागलं. एका किलोला साडेपाच लिटर लागतंय. ५०० लिटरमधून ९१ किलोच निघाला. आले २१,८४०. दुधाचे वीस हजार आणि वरचा खर्च अडीच हजार वजा करा. रोजचा ६६० रुपये तोटा! माल फक्त नऊ टक्क्यांनी घटला आणि नफ्याचा तोटा झाला. भट्टीवाल्याला वाटतंय विक्री तेवढीच आहे, कारण रोजच्या ९१ किलोला तो '१०० च्या आसपास' म्हणतोय. मग सल्ला काय? भाव वाढवा, हा पहिला सुचणारा आणि बहुतेक वेळा फसणारा. दुधाचा दर लिटरवर न ठेवता फॅट आणि एसएनएफवर ठेवा, हा नेमका. डेअऱ्या तेच करतात.

ही केस इंग्रजीत मांडायचा सराव मात्र कर. केस आपली असली तरी मुलाखत इंग्रजीत होणार, आणि 'खवा आटवणे' हे समोरच्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आकडे मोठ्याने बोलत करायचे. गप्प बसून बरोबर उत्तर काढणाऱ्यापेक्षा बोलत बोलत चुकून सावरणारा त्यांना जास्त दिसतो, कारण विचाराची पद्धत बघण्यासाठीच तर हा राउंड निघाला.

आता अवघड भाग. एचआर.

लोकांना एचआर राउंड सोपा वाटतो आणि केसची धास्ती. माझं मत उलटं आहे. केसमध्ये निदान सगळ्यांना साधारण एकसारखा प्रश्न आणि तपासायला काहीतरी ठोस असतं. गप्पा मारून माणूस जोखण्याचं काय होतं, ते अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९१५ मध्येच दाखवलं होतं. तेच उमेदवार, वेगवेगळे मॅनेजर, आणि प्रत्येकाची क्रमवारी वेगळी. शंभर वर्षांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली आहे: ठरावीक प्रश्न, ठरावीक गुण देणारी मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाचा जास्त बरा अंदाज देते.

आणि गप्पांना एक काळी बाजूही आहे. १९२० च्या दशकात हार्वर्ड कॉलेजात परीक्षेच्या गुणांवर ज्यू मुलं मोठ्या संख्येने यायला लागली. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपलं. उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव प्राध्यापकांच्या समितीने मान्य केला नाही. मग दुसरा रस्ता निघाला: चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, फोटो, मुलाखत. जेरोम काराबेल यांनी हा इतिहास २००५ मध्ये 'द चोझन' या पुस्तकात मांडला. 'आमच्यात बसेल का' हा प्रश्न दार उघडायला आहे की लावायला, हे विचारणाऱ्याच्या हातात असतं. अलीकडचं बघायचं तर लॉरेन रिव्हेरा यांचं 'पेडिग्री', २०१५. त्यांनी अमेरिकेतल्या बड्या कन्सल्टिंग, लॉ आणि बँकिंग फर्मची भरती जवळून पाहिली. मुलाखत घेणाऱ्यांना आपल्यासारखे छंद, आपल्यासारखे प्रवास असलेली मुलं 'फिट' वाटत होती.

आपल्याकडे तर प्रश्नाचं नावच फॅमिली बॅकग्राउंड. २००७ मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांशी बोलून एक लेख लिहिला. आम्ही फक्त मेरिट बघतो, असं मॅनेजर ठामपणे सांगत. आणि त्याच दमात, घरची पार्श्वभूमी विचारतो, कारण संस्कार तिथूनच येतात, असंही. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावाचा. दलित आडनावांना आणि मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली. शिक्षण तेच, कागद तसाच.

म्हणजे आपल्या मित्राला जे पोटात गोळा येऊन विचारावंसं वाटलं, ते काही त्याचं मनाचं खूळ नाही. हे बोललं गेलं पाहिजे म्हणून बोलतोय. आणि ही रीत सुधारायची जबाबदारी उमेदवाराची नाही, फर्मची आहे.

पण मुलाखत पंधरा दिवसांवर आहे, म्हणून माझ्या बुद्धीप्रमाणे एवढं सांगतो. प्रश्न आला तर घर लपवायचं नाही आणि घराची करुण कहाणीही करायची नाही. दोन वाक्यांत घर, आणि तिसऱ्या वाक्यात त्या घरात तू केलेलं काम. वडील ऊसतोडीला जात असतील, तर मुकादमाच्या उचलीचा हिशेब घरात कोण ठेवायचं? तूच ठेवत असशील, तर ती तुझी पहिली लेजर. आई बचत गटात असेल तर गटाची वही कुणी लिहिली? नसशील लिहिली, तर लिहिली म्हणू नकोस. पुढचे दोन प्रश्न त्याच वहीवर येतील. आणि जात, लग्न, धर्म यांकडे प्रश्न वळलाच तर शांतपणे "याचा कामाशी कसा संबंध येतो, ते समजलं तर सांगतो," एवढं म्हणायचा हक्क तुला आहे. काही जणांना ते आवडणार नाही, हेही खरं. त्या क्षणी काय करायचं ते आज, घरी बसून ठरवून ठेव. तिथे खुर्चीत बसल्यावर ठरवता येत नाही.

शेवटी ते विचारतात, "तुला काही विचारायचंय का?" तिथे पगार आणि सुट्ट्या नकोत. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी असे ४९ निर्देशांक. सरकारी योजनांवर सल्ला देण्याची कामं मोठ्या फर्मही घेतात. तेव्हा विचार त्यांना, अशा जिल्ह्यात तुमची टीम जाते तेव्हा आकडे कुठून घेते, आणि गावात कुणाशी बोलते?